हळदीचा कंद आणि मातींतील मित्रजंतु

जंतु म्हटला कीं आपणांस रोगच आठवतो. शेतांतील मातीविषयीं मात्र हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग कळमनुरीच्या आसपास ज्यांच्या घरीं हळद लावतात, त्या विद्यार्थ्यांनीं तरी अवश्य जाणून घ्यावा.

आपल्या भारी काळ्या जमिनींत श्रावणाची झड लागली म्हणजे पाणी तुंबतें, वाफसा येत नाहीं आणि मुळांचा श्वास कोंडतो. ही संधि साधून पिथियम नांवाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव कंदांत शिरतो. पानें शेंड्याकडून पिवळीं पडतात, बुंधा मऊ होतो, आणि ओढतांच झाड हातांत येतें. यासच कंदकूज म्हणतात. ज्या पिकावर घरचें कर्ज व मुलांची फी भागावयाची, तें असें मातीमोल होतें.

आतां मुळांकडे पाहूं. त्यांतून पाझरणाऱ्या शर्करेवर भोंवतालच्या मातींत असंख्य जंतु पोसतात. १९०४ सालीं लोरेंत्स हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानें या भागास स्वतंत्र नांव दिलें. येथील सूडोमोनास वर्गाचे कांहीं जंतु मातींतील लोह बांधून घेतात व रोगकारक बुरशीची उपासमार करतात. हें सहज कळण्याजोगें आहे. पुढील गोष्ट अधिक नवलाची. मुळाशीं राहणारा जंतु रोगास स्पर्शही न करतां साऱ्या झाडास सावध करतो, असें १९९१ सालीं संशोधकांस आढळून आलें. मग रोग पानावर आला तरी झाड त्वरेनें प्रतिकार करतें.

पाणी तुंबलें किंवा अवर्षण पडलें म्हणजे झाड स्वतःच्याच अंगांत इथिलीन वायु वाजवीपेक्षां अधिक निर्माण करतें. त्यामुळें मुळांची वाढ खुंटते. हा वायु ज्या द्रव्यापासून बनतो तेंच कांहीं जंतु खाऊन टाकतात, आणि झाडाचा ताण हलका होतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठांत मित्रबुरशी व मित्रजंतु यांचें ‘बायोमिक्स’ नांवाचें मिश्रण तयार करतात. लागवडीपूर्वीं तें हळदीच्या बेण्यास लावतात, कारण जंतूंनीं रोगाच्या आधीं मुळाशीं घर केलें पाहिजे. रासायनिक औषध व जंतु एकाच बादलींत कालवणें म्हणजे पाहुण्यास बोलावून दार लावून घेणें होय!

मात्र कंद पाण्यांतच बुडाला तर जंतूंचेंही फारसें चालत नाहीं. म्हणून हळद गादीवाफ्यावर लावावी, आणि मृगापूर्वींच शेताचे चर उताराकडे मोकळे करावे.