पोस्टरमधली मुलगी, आरशासमोरची मुलगी



विहारातल्या किशोरी वर्गात हिमोग्लोबिन तपासत होते. नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, दोन महिने झाले, रात्री जेवतच नाही. पोट आत गेलं पाहिजे." कुणासारखं, असं विचारल्यावर तिने मोबाईलवर एका परदेशी गायिकेचा फोटो दाखवला. हिमोग्लोबिन निघाले ८. आई म्हणाली, मोबाईलच काढून घेते. मला वाटते, त्याआधी असले फोटो कसे तयार होतात ते मुलीला सांगावे.

अमेरिकेची ब्रिटनी स्पिअर्स आजच्या आयांना आठवत असेल. १९९८ मध्ये तिचे पहिले गाणे आले तेव्हा ती १६ वर्षांची होती. व्हिडिओत शाळेचा गणवेश, पण शर्टाची गाठ बेंबीच्या वर. एप्रिल १९९९ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने तिला अंतर्वस्त्रांत पलंगावर दाखवले, कुशीत लहान मुलांच्या कार्यक्रमातली बाहुली. वय १७. फोटो काढणारा पुरुष, आणि हे गाणे ऐकणाऱ्यांत शाळकरी मुली कितीतरी!

किती मोकळी मुलगी, असे जगाला वाटले. पण २००८ पासून न्यायालयाच्या आदेशाने तिचा पैसा आणि तिचे जगणे वडिलांच्या व इतरांच्या ताब्यात गेले, ते नोव्हेंबर २०२१ पर्यंत. त्या वर्षी जूनमध्ये ती न्यायालयात म्हणाली की, मला आणखी मूल हवे आहे, पण तांबी काढायला हे लोक मला डॉक्टरकडे जाऊ देत नाहीत. तेव्हा ती ३९ वर्षांची होती. तांबी काढण्याआधी नवऱ्याला विचारून येते म्हणणाऱ्या कितीतरी बाया मी नोकरीत पाहिल्या. कोट्यवधींची मालकीण त्याच रांगेत असेल, असे कधी वाटले नव्हते.

म्हणून त्या गायिकांना निर्लज्ज म्हणू नका. पोरीच्या कपड्यांवरही घसरू नका. कपडे कसे असावेत हे दुसऱ्याने ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगले माहीत होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितले आणि बायांनी लुगडे नेसायची जुनी पद्धत टाकली. त्यांनी ते स्वाभिमानासाठी केले, कुणाच्या नजरेला आवडावे म्हणून नाही.

नुकसान होते ते आतून. मुलगी स्वतःचे शरीर बाहेरून, परक्याच्या डोळ्यांनी बघू लागते. अमेरिकेत १९९८ च्या एका प्रयोगात तरुणींना खोलीत एकट्याने पोहण्याचा पोशाख घालून गणिते सोडवायला दिली. स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा त्यांना कमी गणिते जमली. मुलांमध्ये असा फरक दिसला नाही. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००७ च्या अहवालात अशा चित्रणाचा संबंध खाण्याचे आजार, नैराश्य आणि स्वतःला कमी लेखण्याशी जोडला आहे.

घरात लक्ष ठेवा: जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणे, बोटांच्या सांध्यांवर दातांचे वण, चक्कर, पाळी लांबणे किंवा थांबणे. यातले काही दिसले तर न रागावता सरकारी दवाखान्यात न्या. हिमोग्लोबिन ८ असताना शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी पुरत नाही, डॉक्टरांचे उपचार लागतात.

त्या मुलीला मी ब्रिटनीची ही सगळी हकिकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारले, "ताई, तांबी म्हणजे काय?" पुढच्या रविवारचा वर्ग त्याच विषयावर आहे.