मुलाच्या व्यसनाचा संशय आणि पालकांची अमानत

अपत्य ही अल्लाहने आई-वडिलांच्या हाती सोपविलेली अमानत आहे. सुखाच्या दिवसांत ती सांभाळणे सोपे असते. खरी कसोटी घरावर संकट आल्यावर लागते. सोळा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात अनोळखी पुडी सापडली, कपड्यांना व्हाइटनरचा उग्र वास आला किंवा कपाटातील पैसे वारंवार कमी होऊ लागले, तर आपण काय कराल? बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. वडील हात उचलतात आणि घराबाहेर काढण्याची धमकी देतात. नाही तर आई ती पुडी गुपचूप फेकून देते व ही गोष्ट कोणाला कळू नये म्हणून दुआ करीत बसते. दोन्ही गोष्टी काळजीपोटीच घडतात. पण दोन्हींमुळे मूल एकटे पडते.

पुण्याच्या कर्वेनगरात हा प्रश्न दूरचा नाही. महर्षी कर्वे यांनी हिंगणे येथे स्त्रीशिक्षणाचे कार्य उभारले, तेव्हापासून हा परिसर विद्येसाठी ओळखला जातो. महाविद्यालये, वसतिगृहे, शिकवणी वर्ग आणि दिवसभर कामावर असलेले पालक असे येथील जीवन आहे. याच जिल्ह्यातील कुरकुंभ येथील कारखान्यातून फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा, म्हणजे ज्याला ‘एमडी’ म्हणतात त्याचा, प्रचंड साठा जप्त केला. केंद्र शासनाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांमध्ये 0.58 टक्के, तर 10 ते 17 वर्षांच्या मुलांमध्ये 1.17 टक्के आढळले. व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्युशन कोणत्याही दुकानात मिळते, हे पालकांनी विसरू नये.

हुक्म स्पष्ट आहे

“कुरआनात गांजाचे नाव कुठे आहे?” असे एखादा तरुण विचारतो. सूरह अल-माइदाच्या 90 व्या आयतीत मद्य व जुगार यांना सैतानी घाण ठरवून त्यापासून दूर राहण्याचा आदेश आहे. बुद्धीवर पडदा टाकणारा प्रत्येक पदार्थ मद्याच्याच हुक्मात येतो, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले आहे. त्यामुळे नाव बदलल्याने किंवा प्रमाण थोडे असल्याने पदार्थ हलाल होत नाही. परंतु पदार्थाविषयीचा हुक्म जाणणे वेगळे आणि त्यात अडकलेल्या मुलाशी कसे वागावे हे जाणणे वेगळे.

संशय म्हणजे पुरावा नव्हे

सूरह अल-हुजुरातच्या 12 व्या आयतीत अतिसंशय व हेरगिरी यांना मनाई आहे. त्याचबरोबर सूरह अत-तहरीमच्या 6 व्या आयतीने स्वतःला व कुटुंबाला आगीपासून वाचविण्याची जबाबदारी ईमानधारकांवर टाकली आहे. म्हणजे पालकाने हेर बनू नये आणि डोळेही मिटू नयेत. झोप व भूक बदलणे, अभ्यास घसरणे, जुने मित्र तुटणे, चिडचिड ही लक्षणे व्यसनाची असू शकतात. तशीच ती नैराश्याची, परीक्षेच्या भीतीची किंवा बाहेर होणाऱ्या छळाचीही असू शकतात. म्हणून आरोपाने नव्हे, चौकशीने आरंभ करा. मूल नशेत असताना किंवा आपण रागात असताना बोलू नका. शांत वेळी, भावंडांच्या व पाहुण्यांच्या समोर नव्हे, एकांतात सांगा, “बेटा, मला हे दिसले. मला तुझी काळजी वाटते. खरे सांगितलेस तर मी तुझ्याबरोबर उभा राहीन.” आणि हे वचन पाळा.

मुस्नद अहमदमध्ये एका तरुणाचा प्रसंग आहे. त्याने प्रेषितांकडे (स.) व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर खेकसले. प्रेषितांनी (स.) मात्र त्याला जवळ बोलावले, आपल्या आई-बहिणीबाबत हे आवडेल काय असे विचारून त्याला विचार करावयास लावले आणि अंगावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. सहीह बुखारीत मद्यपानाबद्दल पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या एका सहाबींचा उल्लेख आहे. कोणी त्यांना शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले व हा मनुष्य अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो, अशी साक्ष दिली. चुकीला चूकच म्हटले गेले, पण माणसाला जमातीबाहेर लोटले गेले नाही. घराबाहेर काढलेला मुलगा ज्याच्या दारी जातो, तो बहुधा पुडी विकणाराच असतो.

उपचार घेणे ही सुन्नत आहे

आजारावर औषध घेण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. मुलाला खोलीत कोंडून किंवा ताविजाच्या भरवशावर ठेवून व्यसन सुटत नाही. दारू, झोपेच्या गोळ्या यांसारखे काही पदार्थ एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून प्रथम डॉक्टरांकडे, शक्यतो मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. येरवडा येथे 1986 मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपल्याच शहरात आहे. शासनाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 व मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416 या क्रमांकांवर विनाशुल्क सल्ला मिळतो. मूल बेशुद्ध असेल, श्वास मंद असेल किंवा झटके येत असतील, तर त्याला कुशीवर वळवून 108 ला फोन करा आणि काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नका. जीव देण्याची भाषा केल्यास क्षणभरही एकटे सोडू नका.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ मध्ये, स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या गुन्ह्यातील खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. मुलांना अमली पदार्थ पुरविणाऱ्यास मात्र 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

उपचारानंतर मूल पुन्हा घसरू शकते. तेव्हा “आता संपले” असे म्हणू नका. तौबेचे दार उघडे आहे. नात्यागोत्यात चर्चा करून त्याची अब्रू घालवू नका. विश्वासातील एखादे शिक्षक, मामा किंवा इमामसाहेब एवढेच पुरेसे आहेत. घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतःची तंबाखू व गुटखाही सोडावा, कारण मूल आपले बोलणे ऐकण्याआधी आपले वागणे पाहते. रोजचे एक जेवण व एक नमाज त्याच्यासोबत होऊ द्या.

अल्लाह आपल्या मुलांचे रक्षण करो आणि आपल्याला संयमी, जागरूक पालक होण्याची तौफीक देवो. आमीन.