जुनी फायबर बोट घेताय? आधी आतलं लाकूड तपासा, मग भाव करा

मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात पर्यटकांना फिरवायला छोटी बोट घ्यायची, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. नवी बोट बजेटमध्ये बसत नाही, मग जुनी फायबरची बघितली जाते. वरून ताजा रंग, एकदम चकाचक. पण लक्षात ठेवा, फायबर कुजत नाही, त्याच्या आतलं लाकूड कुजतं. आणि सौदा तिथेच फसतो.

लाकूड कुठे असतं?

बहुतेक जुन्या बोटींत तीन जागी. एक, मागची उभी फळी, जिच्यावर आउटबोर्ड इंजिन बसतं. तिला ट्रान्सम म्हणतात. दोन, तळाशी लांबीने जाणारे आधार, म्हणजे स्ट्रिंजर. तीन, पायाखालच्या डेकमधलं प्लायवूड. वरून फायबर चढवलेलं असल्यामुळे लाकूड दिसत नाही. बोल्टचं किंवा स्क्रूचं भोक नीट सील केलेलं नसेल तर पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि लाकूड आतल्या आत सडतं.

तपासणी कशी करायची?

१. छोट्या हातोडीने सगळीकडे हलकं ठोकून बघा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद आवाज येतो.
२. इंजिन थोडं वर उचलून खालच्या टोकाला धरून हलवा. ट्रान्सम लवत असेल तर धोका आहे.
३. डेकवर चालून बघा. पाय दबतो का?
४. मालकाची परवानगी घेऊन आतल्या बाजूने छोटं भोक पाडा. भुसा कोरडा, फिका आला तर ठीक. ओला, काळपट आला तर लाकूड गेलं समजा. भोक लगेच सील करा.

दुरुस्तीत काय काय येतं?

आधी बोटीला खालून सगळीकडे सारखा आधार द्यायचा, नाहीतर कापल्यावर आकार बिघडतो. मग आतलं फायबर कापून कुजलेलं लाकूड पूर्ण काढायचं आणि आतली जागा वाळवून ग्राइंडरने घासायची. नवीन लाकूड म्हणजे आयएस ७१० मार्कचं मरीन प्लायवूड. फर्निचरचं साधं प्लाय चालणार नाही. जुन्या फळीची जाडी मोजून तेवढीच ठेवायची. वरून फायबरचे थर द्यायचे. जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी पॉलिस्टरपेक्षा चांगली धरते, पण महाग पडते. शेवटी बोल्टची प्रत्येक भोकं सील करायची. हे राहिलं तर काही वर्षांत पुन्हा तोच खर्च.

कामाच्या वेळी मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच. पॉलिस्टर वापरत असाल तर कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होऊ शकतो.

काम कधी काढायचं?

"पावसाळ्यात धंदा बंदच असतो, तेव्हा करून घेऊ" हा हिशोब कागदावर छान दिसतो. पण दमट हवेत लाकूड वाळत नाही आणि रेझिन नीट धरत नाही. बंदिस्त, कोरडी शेड नसेल तर काम कोरड्या दिवसांतच काढावं लागतं, म्हणजे ऐन कमाईच्या काळात. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची गर्दी सोडून मधले दिवस निवडा. बुडालेली कमाई हासुद्धा दुरुस्तीचाच खर्च आहे.

आता भाव

उदाहरणासाठी आकडे धरूया. तशीच चांगल्या अवस्थेतली बोट ३,६०,००० रुपयांना मिळते.

- सामान: ३५,०००
- मजुरी: ३०,०००
- बोट उचलणं, वाहतूक: ८,०००
- उघडल्यावर निघणाऱ्या जादा कामासाठी २० टक्के: १४,६००
- १५ दिवस धंदा बंद, रोजचे २,००० धरून: ३०,०००

एकूण १,१७,६००. म्हणजे या बोटीला तुम्ही जास्तीत जास्त २,४२,४०० द्यायचे. मालक तीन लाखांवर अडून बसला तर हात जोडून निघायचं. "स्वस्तात मिळतेय" म्हणून घेतलेली बोट चांगल्या बोटीपेक्षा महाग पडते, ती अशी.

एक गोष्ट पैशापलीकडची. ट्रान्सम तुटला तर इंजिन समुद्रात जातं आणि बोटीत तुमच्या भरवशावर बसलेली माणसं असतात. म्हणून कुजक्या फळीवर नुसता पत्रा मारून, रंग देऊन सीझन काढायचा विचारसुद्धा करू नका.

आजचा गृहपाठ: बोट बघायला जाण्याआधी दोन फायबर कारागिरांकडून सामान आणि मजुरीचा वेगवेगळा अंदाज लिहून घ्या. तो कागद खिशात ठेवूनच भाव करायला बसा.