लेबल कापलेले शर्ट

१. ज्ञानेंद्रियं पाच, हे शाळेत पाठ केलं ते चाळिशीपर्यंत पुरलं. मग मुलाची ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली आणि यादी लांबली. आतल्या कानातून कळणारा तोल, आपले हातपाय नेमके कुठे आहेत याची स्नायू-सांध्यांकडून मिळणारी जाण, आणि भूक-तहान-शू यांची आतून येणारी खबर. आमच्या चिरंजीवांना ही शेवटची खबर अगदी ऐन वेळी पोचते. दर प्रवासात घाटात गाडी थांबवणारे आम्हीच. त्यामागे एवढं शास्त्र असेल असं वाटलं नव्हतं.

२. एकच मूल हळवंही असतं आणि बेफिकीरही. शर्टाचं लेबल मानेला टोचलं की घर डोक्यावर घेणारा हाच मुलगा दारावर आपटून टेंगूळ आलं तरी खेळत राहतो. "सोयीनं लागतं याला," असं घरात म्हटलं जायचं. थेरपिस्ट ताई म्हणाल्या, स्पर्श, आवाज, हालचाल, दुखणं, प्रत्येकाची मेंदूतली छाननी निराळी. काही बारीकसं असून फार मोठं होऊन पोचतं, काही मोठं असून पोचतच नाही. आता नवा शर्ट आला की आधी कात्री निघते.

३. हा उपचार खेळासारखा दिसतो, आणि फी भरताना ते फार खुपतं. मुलगा झोपाळ्यावर पालथा, मान वर, खालच्या वाळूच्या पुरचुंड्या उचलून बादलीत टाकतोय. मी बाकावर बसून बागेतल्या फुकट झोपाळ्याचा हिशेब करत होते. मग लक्षात आलं, नेम चुकत राहिला की ताई बादली गुपचूप जवळ सरकवतात. सगळ्या आत पडू लागल्या की झोका वाढवतात. जमेल, पण सहज जमणार नाही, एवढंच अवघड. जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टनं या उपचारामागचा विचार १९७२ साली पुस्तकरूपानं मांडला.

४. "अमेरिकेचं फॅड," हे सासूबाईंचं मत. मी सांगितलं, मुंबईच्या केईएममध्ये १९५० पासून ऑक्युपेशनल थेरपी शिकवतात. सुरुवात केली कमला निंबकरांनी. त्या मूळच्या अमेरिकन, लग्न होऊन इथल्या झाल्या. "म्हणजे निंबकरांची सून!" सासूबाई म्हणाल्या, आणि वाद मिटला. माझ्या कुठल्याही मुद्द्यानं तो इतक्या झटपट मिटला नसता.

५. पाळणा, तेल-मालिश, बाळाला घट्ट गुंडाळणं... पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, हे माझं लाडकं वाक्य. ताईंनी मान डोलावली आणि त्यातली हवा काढली. संथ, एका लयीतला झोका बहुतेक मुलांना निववतो. गरगर फिरवलं की तीच मुलं चेततात. आमचे आजोबा नातवाला नेमके झोपायच्या आधी फिरवायचे आणि मग घर मध्यरात्रीपर्यंत जागं. आता गरगर संध्याकाळी. रात्री पाण्याच्या बाटल्या भरून उचलून ठेवायचं काम आणि त्यानंच मागितलेली जड गोधडी.

६. मला कागदावर लिहिलेलं एखादं भारदस्त नाव हवं होतं, नातेवाइकांच्या तोंडावर टाकता येईल असं. ते मिळालं नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन सूचीत संवेदनांचा हा गोंधळ ऑटिझमच्या लक्षणांत आहे, स्वतंत्र आजार म्हणून नाही. या उपचाराचा पुरावा अजून मर्यादित आहे हे पालकांना सांगा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्येच म्हटलं होतं. ताईंनीही ते लपवलं नाही. उलट विचारलं, नक्की काय बदलायला हवं? मी म्हटलं, "एकाग्रता." त्यांनी लिहिलं, 'न रडता नखं कापू देणं'. माझ्या महत्त्वाकांक्षेची पार नखाएवढी गत झाली. पण दहाही बोटं एका बैठकीत झाली, त्या दिवशीचा आनंद कुठल्या प्रगतिपुस्तकानं दिला नसता.

७. आवाज सहन करायला शिकवणं हाच उपचार, असं मी धरून चालले होते. गेल्या विसर्जनाला ढोल-ताशे जवळ आले तसे त्यानं स्वतःच कानांवर हेडफोन चढवले, थोडा वेळ मन लावून मिरवणूक पाहिली आणि म्हणाला, "आई, माझं बास झालं. घरी जाऊ." लग्नाच्या हॉलमध्ये डीजेशेजारच्या टेबलावर हसरा चेहरा करून जेवताना मला हे वाक्य अजून जमलेलं नाही.