आकडे बोलतात, पण सगळंच सांगत नाहीत : बास्केटबॉलच्या गुणतक्त्याचे वाचन

तक्त्याचे वाचन आणि शेकडेवारी हे दोन्ही घटक तुम्ही गणितात शिकला आहात. पुस्तकात फळांची विक्री, पडलेला पाऊस, वर्गाची हजेरी असे तक्ते असतात. आज आपण एका खऱ्या सामन्याचा तक्ता वाचू या. वही-पेन्सिल जवळ ठेवा, कारण आकडेमोड तुम्हालाच करायची आहे.

सामना कोणता?

अमेरिकेत एन.बी.ए. ही व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा दरवर्षी होते. अंतिम फेरीत दोन संघ जास्तीत जास्त सात सामने खेळतात. जो आधी चार जिंकेल तो विजेता. २०१६ साली गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स समोरासमोर होते. वॉरियर्सनी त्या मोसमात अंतिम टप्प्याआधीच्या ८२ सामन्यांपैकी ७३ जिंकून विक्रम केला होता. अंतिम फेरीतही ते ३–१ ने पुढे होते. पण क्लीव्हलँडने पुढचे दोन सामने जिंकले आणि ३–३ अशी बरोबरी झाली. आता सगळं सातव्या सामन्यावर आलं. १९ जून २०१६ रोजी ओकलंड येथे तो झाला आणि क्लीव्हलँडने तो ९३–८९ असा, फक्त ४ गुणांनी जिंकला.

आधी नियम समजून घेऊ

जवळून बास्केट केली तर २ गुण. मैदानावरच्या मोठ्या कमानीसारख्या रेषेबाहेरून केली तर ३ गुण. समोरच्या संघाने फाउल केल्यावर कधी कधी मोकळा फेक मिळतो, त्याला फ्री थ्रो म्हणतात. त्याचा १ गुण.

पायरी १ : संघाचा तक्ता

क्लीव्हलँड
- २ गुणांच्या बास्केट : २७
- ३ गुणांच्या बास्केट : ६ (प्रयत्न २५)
- फ्री थ्रो : २१ (प्रयत्न २५)

गोल्डन स्टेट
- २ गुणांच्या बास्केट : १७
- ३ गुणांच्या बास्केट : १५ (प्रयत्न ४१)
- फ्री थ्रो : १० (प्रयत्न १३)

आता ताळा करू. क्लीव्हलँड : ५४ + १८ + २१ = ९३. गोल्डन स्टेट : ३४ + ४५ + १० = ८९. जमलं!

आता फरक बघा. तीन गुणांच्या फेकीत क्लीव्हलँड तब्बल २७ गुणांनी मागे आहे. कोणी फक्त हीच ओळ वाचली तर म्हणेल, हा संघ हरलाच असणार. पण दोन गुणांच्या बास्केटमध्ये ते २० ने पुढे आहेत आणि फ्री थ्रोमध्ये ११ ने. २० + ११ – २७ = ४. हाच तो विजयाचा फरक! एक-एक गुणाच्या फ्री थ्रोकडे प्रेक्षक फारसे लक्ष देत नाहीत, पण ते ११ गुण नसते तर निकाल उलटा लागला असता.

पायरी २ : खेळाडूंचा तक्ता

सर्वांत जास्त गुण कोणाचे? ड्रेमंड ग्रीनचे, ३२. त्याने १५ पैकी ११ बास्केट केल्या, म्हणजे सुमारे ७३ टक्के. शिवाय १५ रिबाउंड (हुकलेला चेंडू ताब्यात घेणे) आणि ९ असिस्ट (ज्या पासवर सहकाऱ्याने बास्केट केली तो पास). पण ग्रीन हरलेल्या संघात होता! ‘हरला म्हणजे वाईट खेळला’ असं आपण पटकन म्हणतो. ग्रीनची ओळ वाचल्यावर तसं म्हणता येईल का?

त्याच संघाचा स्टीफन करी हा त्या वर्षीचा नामवंत नेमबाज. त्या दिवशी त्याच्या तीन गुणांच्या १४ फेकींपैकी ४ च बास्केटमध्ये गेल्या. एकूण गुण १७.

आता विजेत्यांकडे या. लेब्रॉन जेम्स : २७ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट. त्याच्या बास्केट मात्र २४ पैकी ९, म्हणजे ३७.५ टक्के. फक्त टक्केवारी पाहिली तर तो ग्रीनच्या निम्म्यावर दिसतो. पूर्ण ओळ वाचली तर तो प्रत्येक कामात हजर दिसतो. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. केव्हिन लव्हचे गुण फक्त ९, पण रिबाउंड १४.

म्हणून लक्षात ठेवा : एका रकान्यावरून माणूस ओळखू नये. ओळ आडवी, पूर्ण वाचावी.

पायरी ३ : तक्त्यात न दिसणारे

८९–८९ अशी बरोबरी होती आणि जवळजवळ पावणेचार मिनिटे कोणालाच एकही गुण मिळाला नाही. १ मिनिट ५० सेकंद उरले असताना वॉरियर्सचा आंद्रे इग्वादाला सोपी बास्केट करणार, इतक्यात मागून धावत आलेल्या लेब्रॉनने चेंडू हवेतच अडवला. तक्त्यात त्याच्या नावापुढे ‘ब्लॉक : ३’ एवढंच दिसतं. त्यातला एक ब्लॉक इतका मोलाचा होता, हे तक्ता सांगत नाही. मग ५३ सेकंद उरले असताना कायरी अर्व्हिंगने करीच्या डोक्यावरून तीन गुणांची बास्केट केली. ९२–८९. शेवटी लेब्रॉनने दोनपैकी एक फ्री थ्रो साधला आणि ९३ झाले.

‘किती’ हे तक्ता सांगतो. ‘केव्हा’ आणि ‘कसं’ हे सामना पाहूनच कळतं. दोन्ही लागतं.

सराव

१) अर्व्हिंगने १० बास्केट केल्या, त्यांपैकी २ तीन गुणांच्या. फ्री थ्रो ४. एकूण गुण किती?
२) क्ले थॉम्पसनच्या तीन गुणांच्या १० फेकींपैकी २ यशस्वी. शेकडेवारी काढा.
३) दोन्ही संघांच्या फ्री थ्रोची शेकडेवारी काढून तुलना करा.

उत्तरे : १) २६  २) २० टक्के  ३) क्लीव्हलँड ८४ टक्के, गोल्डन स्टेट सुमारे ७७ टक्के.

उपक्रम : शाळेतल्या कबड्डी किंवा खो-खोच्या पुढच्या सामन्याला तुम्ही स्वतः असा तक्ता तयार करा. गुणांसोबत पकडी, बचाव, सहकाऱ्याला केलेली मदत यांचेही रकाने ठेवा. एरवी ज्याचं नाव कोणी घेत नाही असा एखादा खेळाडू त्यात नक्की सापडेल. वर्गात त्याचं नाव मोठ्याने वाचा.