रक्ततपासणी आणि आतड्याचा दाह

शहापूर व मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत एखाद्याचा चेहरा फिकट दिसला की अपुरा आहार किंवा जंत यांकडे बोट दाखविले जाते. ही कारणे खरीच आहेत. परंतु महिनाभर जुलाब, शौचावाटे रक्त आणि घटते वजन अशी लक्षणे असल्यास आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचाही विचार करावा लागतो.

या विकारात रक्तातील पोषक घटक घटतात. व्रणांतून रक्तस्राव झाल्याने हिमोग्लोबिन उतरते. दाह तीव्र झाला की अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होते. लहान आतड्याचा शेवटचा भाग रोगग्रस्त झाल्यास ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. या आकड्यांवरून रोगाच्या तीव्रतेचा अंदाज येतो. निदानासाठी मात्र आतड्याची दुर्बिणीने तपासणी आवश्यक असते.

एक आकडा फसवा आहे. शरीरातील लोहाचा साठा दर्शविणारे फेरिटिन दाहामुळे वाढते. निरोगी प्रौढात ते लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास लोहाची उणीव मानतात. दाह असताना जागतिक आरोग्य संघटनेने हीच मर्यादा ७० ठरविली आहे. म्हणजे ४० हा आकडा निरोगी माणसात पुरेसा, तर दाहाच्या रुग्णात उणिवेचा ठरतो.

आतड्याचा क्षयही अशीच लक्षणे दाखवितो आणि दाह शमविणाऱ्या काही औषधांनी तो बळावतो. म्हणून केवळ लोहाच्या गोळ्यांवर समाधान न मानता शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथील सल्ल्याने पुढील रुग्णालयात वेळीच पोहोचविणे अगत्याचे आहे.