दात किडतो म्हणजे काय होते?

'दाताला कीड लागली' असे आपण सहज म्हणतो. दातात अळी शिरते आणि तो पोखरते, अशी पूर्वी अनेक देशांत समजूत होती. आयुर्वेदातही या रोगाला 'कृमिदंत' असेच नाव आहे. प्रत्यक्षात दात कोणी कुरतडत नाही. तो आम्लात विरघळतो.

दातांवर जो चिकट, पांढुरका थर साचतो त्याला 'प्लाक' म्हणतात. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लीवेनहूकने १६८३ साली आपल्या दातांवरचा हा थर भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याला त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करताना दिसले. पण त्यांचा दात किडण्याशी असलेला संबंध बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली ग्रंथरूपाने मांडला. हे जंतू आपण खाल्लेल्या साखरेचे किण्वन करतात व त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होते.

दाताचे बाह्य कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु थराचा सामू ५.५ च्या खाली गेला, की त्यातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच सामू घसरतो. लाळेमुळे तो पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्या अवधीत लाळेतील क्षार दाताची झीज थोडीफार भरूनही काढतात. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे ठरते. दर तासाला गोड चहा घेणारा आपल्या दातांना सावरण्याची उसंतच देत नाही.

हे ज्ञान मात्र निष्कलंक मार्गाने मिळालेले नाही. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील मतिमंदांच्या रुग्णालयात १९४० नंतरच्या दशकात रहिवाशांना जेवणाच्या मधल्या वेळी मुद्दाम चिकट टॉफी खाऊ घातल्या गेल्या. अनेकांचे दात कायमचे गेले. नकार देण्याची त्यांची स्थिती नव्हती आणि त्यांची संमतीही कोणी घेतली नव्हती.

सुरुवातीचा पांढरा डाग भरून येऊ शकतो. खड्डा पडल्यावर मात्र तो आपोआप बुजत नाही, कारण एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. तेव्हा रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे आणि येताजाता गोड खाणे टाळणे, हे दोन नियम पाळावेत. ज्या ज्ञानासाठी त्या असहाय माणसांनी एवढी किंमत मोजली, ते निदान वाया तरी जाऊ नये.